सांत्वन मंडळाचे ड्रॉइंग मास्तर

कुणाच्या घरी मयत झाली की मास्तर बरोबर तिसऱ्या दिवशी जायचे आणि खुर्चीत टेकल्या टेकल्या घरच्यांना विचारायचे, "त्यांची एखादी वाईट सवय सांगा बघू."

सांत्वन मंडळात मी नवीन होते तेव्हा त्यांच्याबरोबर कळव्याला एका घरी गेलेले. नवरा जाऊन तीन दिवस झालेली बाई, बाजूला तिची सासू, भिंतीला टेकून चार नातेवाईक. मास्तरांनी आपला प्रश्न टाकला. सासूचे डोळे असे मोठे झाले की मी चपला कुठे काढल्यात ते शोधायला लागले. पण त्या बाईने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "सकाळी चूळ भरताना अख्खी चाळ उठवायचे." मग थांबेचना. ओला टॉवेल गादीवर टाकायचे, पत्त्यात हरले की जेवायचे नाहीत, तिच्या माहेरच्या माणसांची नावं मुद्दाम चुकीची घ्यायचे. शेवटी सासूच म्हणाली, "अगं, लहानपणापासून तसलाच तो." दोघी हसल्या, मग एकमेकींच्या गळ्यात पडून जे रडल्या ते तीन दिवसांचं साठलेलं होतं. जिना उतरताना मास्तर म्हणाले, "मेलेल्याचं कौतुक करायला सगळे येतात. तक्रार ऐकायला कोणी येत नाही. ते आपलं काम."

मास्तर ठाण्यातल्या एका शाळेतून ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले. लग्न केलेलं नव्हतं. नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. आमच्या चर्चमध्ये फादरसुद्धा त्यांना मास्तर म्हणायचे. अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची गोष्ट आहे. तेव्हा चर्चमध्ये प्रत्येकाने काहीतरी सेवा करायची अशी पद्धत होती. कोणी गायनमंडळात, कोणी मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, वाचन करणार, बायका वेदीवर फुलं लावणार. मास्तर या सगळ्यांतून फिरून आलेले, म्हणजे काढून टाकले गेलेले. गायनमंडळात ते सगळ्यांच्या एक ओळ पुढे असायचे आणि बाकीचे मागे पडतात म्हणून रागवायचे. लोकांना जागा दाखवायचं काम दिलं तर उंचीप्रमाणे बसवायला लागले. फुलांच्या बायकांनी तर दुसऱ्याच रविवारी फादरना सांगितलं, एक तर मास्तर नाहीतर आम्ही. राहता राहिलं सांत्वन मंडळ. तिथे यायला कोणीच तयार नसायचं, त्यामुळे तिथून काढायलाही कोणी नव्हतं.

मंडळात आम्ही पाच-सहा जण होतो आणि कायदे सगळे मास्तरांचे. दुःखाच्या घरी "देवाची मर्जी" म्हणायचं नाही. एकदा मंडळातल्या एका बाईंनी दहा वर्षांची मुलगी गेलेल्या आईला सांगितलं, देवाला फुलं आवडतात म्हणून तो चांगली फुलं आधी खुडतो. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "मग तुम्ही अजून इथे कशा?" त्या बाई महिनाभर आल्या नाहीत. चहा दिला तर प्यायचा, नाही म्हणायचं नाही, कारण चहा करायला घरातली बाई उठते तेवढं तरी उठते. आणि सगळ्यात कडक कायदा, दुःखातल्या माणसाशी खोटं बोलायचं नाही, त्याच्या भल्यासाठीसुद्धा नाही. "आपल्या पायाखालची जमीन गेलीय असं त्याला वाटत असतं," ते म्हणायचे, "अशा वेळी आपण पोकळ फळी टाकायची नाही."

पण मास्तरांचा खरा जीव होता क्रूसांवर. आमच्या सिमेटरीत संगमरवर परवडणारी घरं थोडी. बाकीच्यांच्या कबरीवर लाकडी क्रूस असायचे, पावसाळ्यात त्यांचा रंग उडायचा. दोन नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस, त्या दिवशी माणसं मेणबत्त्या आणि झेंडूच्या माळा घेऊन येतात, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. त्याआधी ऑक्टोबरभर मास्तर ते क्रूस उपटून सायकलच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबने बांधून घरी न्यायचे. पांढरा ऑइलपेंट, त्यावर काळ्या रंगात नावं, अक्षर असं की छापल्याचा भास व्हावा. लांब नावांचा त्यांना राग यायचा. बाप्तिस्म्याच्या वेळी कडेवरचं बाळ बघून ते आईबापांना सांगायचे, "नाव आखूड ठेवा हां. क्रूसाचा हात एवढाच असतो." आईबाप काय बोलणार, कसनुसे हसायचे.

रंगवलेले क्रूस ते आपल्या चाळीच्या गॅलरीत वाळत लावायचे. शेजारच्या कुलकर्णीवहिनी एकदा अगदी काकुळतीला आल्या. "अहो मास्तर, उद्या आमच्या सुमाला बघायला येताहेत. तेवढे ते आत घ्या ना." मास्तरांच्या खोलीत आधीच तीस क्रूस होते. त्यांनी गॅलरीतल्यांवर चादर टाकली. मुलाचे काका गप्पा मारता मारता तिथेच टेकले आणि कोटाच्या पाठीवर पांढरा पट्टा घेऊन गेले. लग्न जमलं. मास्तर पुढे कित्येक वर्षं त्याचं श्रेय घेत होते.

आता एवढे क्रूस उपटायचे तर परत लावायचे कुठे, याची काहीतरी खूण नको? मास्तरांकडे नव्हती. यादी नाही, नंबर नाही. "कैदी आहेत का ते, नंबर घालायला?" मी विचारल्यावर मास्तर म्हणाले, "वर्गातली साठ पोरं नावानिशी लक्षात होती माझ्या. ही तर जागची हलतही नाहीत."

मी मंडळात गेले ती हौसेने नव्हे. त्या आधीच्या सप्टेंबरात माझी आई गेली.

आईला बांद्र्याच्या जत्रेला जायचं होतं. बाबा कोलशेतला एका केमिकल कंपनीत फिटर. रविवारी नक्की जाऊ म्हणाले, आणि रविवारी त्यांना ओव्हरटाइमला बोलावलं. आई नवी साडी नेसून संध्याकाळपर्यंत बसलेली. बाबा आले तेव्हा शेजारच्या दोघी घरात होत्या, त्यांच्यासमोर ती म्हणाली, "ह्यांचं लग्न कंपनीशी लागलंय, मी आपली घरकामाला." बाबांना ते लागलं. त्यांनी अबोला धरला. ती जेवायला वाढायची, हे जेवायचे. ती "आज लवकर येणार का" विचारायची, हे चपला घालायचे. चौथ्या दिवशी दुपारी, बाबा ड्युटीवर असताना, आई भाजी निवडता निवडता कलंडली. हार्टचं कोणाला माहीत नव्हतं.

मातीच्या दिवशी बाबा सिमेटरीच्या फाटकापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. कोणी हात धरला तर झटकला. मी आत गेले, पण काय बघितलं ते मला विचारू नका. दोन ताज्या कबरी शेजारी शेजारी होत्या, त्या आठवड्यात दोन मयती झालेल्या, आणि चिखल होता, एवढंच आठवतं.

आईशी धरलेला अबोला बाबांनी मग सोडलाच नाही. माझ्याशीही "हं" आणि "नको", बस्स. ड्युटी करायचे, घरी येऊन खिडकीशी बसायचे. घरात आम्ही दोघंच. मी बावीस वर्षांची, दिवसा टायपिंगची नोकरी आणि संध्याकाळी हा माणूस. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटायची की एक दिवस मी घरी येईन आणि खिडकीशी कोणी नसेल.

तिसऱ्या दिवशी मास्तर आले होतेच, तो प्रश्न घेऊन. बाबा उठून आतल्या खोलीत गेले. मग मास्तरांनी मला विचारलं. मी म्हटलं, आई बोलता बोलता मध्येच दुसरीकडे जायची. रेशनचं सांगताना मामाच्या लग्नात पोचायची आणि मग आपल्यालाच विचारायची, मी काय सांगत होते गं? मास्तर हसले, मीही हसले, मग मला आवरेना. आतून काही आवाज नाही. मास्तर पुढच्या आठवड्यात आले, त्याच्या पुढच्याही. बाबांच्या समोर बसून ते चहा प्यायचे आणि जायचे. चौथ्या खेपेला बाबा एकदम म्हणाले, "चार दिवस बोललो नाही मी तिच्याशी."

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, जाऊ द्या हो, संसारात चालायचंच. मास्तरांनी विचारलं, "चूक कोणाची होती?"

"माझी."

"मग बोलायला तुम्हीच पाहिजे."

"आता?"

"आता काय झालं? तिचा पत्ता मला माहीत आहे."

दोन नोव्हेंबरला ते बाबांना हाताला धरून फाटकातून आत घेऊन गेले. नवा रंगवलेला क्रूस, त्यावर आईचं नाव. बाबा नुसते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून सुटून परत गेले, तिसऱ्या दिवशीही. मग एका संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "आज बोललो." मी पोळ्या लाटत होते, लाटणं तसंच हातात राहिलं. "काय बोललात?" तर म्हणाले, "तुला कशाला? ते आमचं आहे." आणि जेवताना आमटीत मीठ जास्त झालंय हेही सांगितलं. आई गेल्यापासून त्यांनी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं ते पहिल्यांदा. मी दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे जाऊन म्हटलं, मला मंडळात घ्या.

वर्षभर बाबा रोज जायचे. पावसात छत्री घेऊन जायचे. घरी आले की मला बातम्या, सिलिंडर संपत आलाय ते तिला सांगितलं, तू टायपिंगची परीक्षा पास झालीस ते सांगितलं. कंपनीतल्या लोकांबरोबर पत्ते खेळायला लागले. माझा बाप मला परत मिळाला तो मास्तरांमुळे, हे मी आजही कुठेही उभी राहून सांगेन.

पुढच्या ऑक्टोबरात आमच्याकडे नवे फादर आले. तरुण, कामसू, आणि त्यांना प्रत्येक गोष्टीचं रजिस्टर लागायचं. त्यांनी मास्तरांना नम्रपणे सांगितलं की मातीच्या रजिस्टरात प्रत्येक कबरीची रांग आणि जागा लिहिलेली असते, तो नंबर क्रूसाच्या पाठीमागे बारीक घातला तर बरं. मास्तर भडकले. "तुम्ही रजिस्टर उघडा, मी तोंडी सांगतो. बघू कोण चुकतं." दोघं भर उन्हात रांगेरांगेने फिरले. फादर नाव वाचायचे, मास्तर मागे न बघता बोट दाखवायचे. बरोबर, बरोबर, बरोबर. शेवटच्या रांगेत आंब्याच्या झाडाशी फादर थांबले. त्यांनी रजिस्टर दोनदा वाचलं आणि मास्तरांच्या हातात दिलं. दोन शेजारच्या कबरी. गेल्या नोव्हेंबरात लावताना दोन क्रूसांची अदलाबदल झालेली. त्यातला एक माझ्या आईचा.

हे मला मास्तरांनीच सांगितलं, त्यांच्या गॅलरीत. ब्रश हातात होता आणि रंग वाळून चाललेला. बाबा वर्षभर ज्या कबरीशी बोलत होते ती एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलाची होती. टेम्पो चालवायचा, अपघातात गेलेला.

मी म्हटलं, "मास्तर, बाबांना सांगायचं नाही. क्रूस काढलेच आहेत, लावताना नीट लावा. दोन पावलांचं अंतर आहे, त्यांना कळणारही नाही."

"तो माणूस माफी मागायला गेला होता," मास्तर म्हणाले, "आणि मी त्याला चुकीचा पत्ता दिला."

"मग काय त्याला परत खिडकीशी बसवणार? तुमचा कायदा राहावा म्हणून?"

मी खूप बोलले. तुमच्या मस्तीपायी हे झालं, तुम्हाला यादी करायला काय धाड भरली होती, माझा बाप परत गप्प झाला तर तुमचं तोंड बघणार नाही. सगळं बोलले. कुलकर्णीवहिनी दारातून बघत होत्या, त्याही आत गेल्या.

रविवारी दुपारी मास्तर आमच्याकडे आले. अंगात कोट, मातीला जाताना घालायचे तो. बसले नाहीत. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, स्वतःची बाजू घेतली नाही. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. ते हळूहळू बंद होत गेलं. मग ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले.

"झालं समाधान?" मी मास्तरांना म्हटलं आणि बाबांच्या मागे धावले. मास्तर सायकल घेऊन मागून आले. दोन क्रूस कॅरिअरला बांधलेलेच होते.

आंब्याखाली एक म्हातारी बसलेली. लुगडं नेसलेली, घोडबंदरच्या बाजूच्या गावातली, त्या टेम्पोवाल्या मुलाची आई. तिला मी अधूनमधून तिथे बघितलेलं. ती माझ्या आईच्या कबरीवरचं गवत उपटत होती. कबरीवर क्रूस नव्हता, पण भोवती विटा लावलेल्या, मध्ये तुळस आणि अबोलीचं रोप. बाबा तिच्यासमोर उभे राहिले. मला वाटलं आता हे मागे वळणार. पण ते खाली बसले आणि म्हणाले, "मावशी, ही माझी बायको आहे. तुमचा मुलगा तो, पलीकडे."

म्हातारीने एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा झाडाकडे. "मना तवाच वाटलेलां," ती म्हणाली. "पोऱ्याला ठेवला तवा आंबा त्या अंगाला होता. पन मास्तर शिकलेला मानूस, मी काय बोलू?" मग तिने हात झटकले. "म्हंजे वरीसभर मी तुज्या बायकोला माज्या घरातला सगला सांगतंय. नवऱ्याच्या कागाल्या बी सांगितल्या."

"तिला आवडलं असेल," बाबा म्हणाले.

"आन तू माज्या पोऱ्याला काय सांगत व्हतास?"

बाबांनी विटेवरची माती पुसली. "माफी मागत होतो. रोज. माझं चुकलं, मी बोलायला पाहिजे होतं, असं."

म्हातारी त्या दुसऱ्या कबरीकडे बघत राहिली. बाबांनी तिथे फरशीचे तुकडे बसवलेले, मेणबत्तीला आडोसा केलेला. मग ती म्हणाली, "त्याच्या बापसानं त्याला घराभाईर काढलेला. दोन वरसं तोंड नाय बघितला. पोऱ्या गेला तरी बापूस ह्यो शबूद नाय बोलला." तिने डोळे पुसले. "कोनतरी बोलला त्याला. बरां झालां."

ती उठली, गुडघ्यावर हात ठेवत दोन पावलं पलीकडे गेली आणि आपल्या मुलाशेजारी बसली. मास्तर क्रूस हातात धरून उभे होते. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं.

"लावू का?" त्यांनी विचारलं.

"थांबा," बाबा म्हणाले. ते आईच्या कबरीकडे वळले, विटांवर हात ठेवला. त्या वेळी मात्र ते मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले.

"अगं, चूक माझी होती. त्याच दिवशी बोलायला पाहिजे होतं मी. मागल्या नोव्हेंबरातच सांगणार होतो तुला, पण ह्या मास्तरांनी वर्षभर उशीर केला."

मास्तरांनी क्रूस खाली ठेवले आणि कोटाची बटणं लावली.

"खरं आहे वहिनी," ते म्हणाले, "माझ्यामुळे झालं."